स्त्री-पुरुष समानतेची जागतिक मोजणी: पार्श्वभूमी

जागतिक आर्थिक मंचाच्या २०२४ च्या अहवालात स्त्री-पुरुष समानतेत भारत १४६ देशांत १२९ वा होता, तर त्याच वर्षी आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या लिंग असमानता निर्देशांकात १६६ देशांत १०८ वा. या तफावतीचे मूळ मोजणीच्या पद्धतींत आहे.

१९९५ मध्ये, बीजिंगला चौथी जागतिक महिला परिषद भरली त्याच वर्षी, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने दोन निर्देशांक मांडले. पहिला आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांतील विषमतेनुसार मानव विकासाचे गुण कमी करी. दुसरा संसदेतील जागा, वरिष्ठ पदे आणि कमाई यांवरून स्त्रियांच्या हातातील सत्ता मोजी. दोन्हींत देशाचे एकूण उत्पन्न मिसळलेले असल्यामुळे गरीब देशाला, तिथली दरी कमी असली तरी, वर येणे कठीण होते.

मंचाने २००६ पासून फक्त दरी मोजायला घेतली. समजा, एका देशात ९० टक्के पुरुष आणि ७२ टक्के स्त्रिया साक्षर आहेत, तर गुण ०.८ पडतात, दुसऱ्या देशात हेच प्रमाण ५० आणि ४५ टक्के असेल, तर ०.९. दुसऱ्या देशातील निम्म्याहून अधिक स्त्रिया निरक्षर असूनही तो वर जातो. ही पद्धत चुकीची नाही, पण क्रमांक वाचताना हे ध्यानात ठेवलेच पाहिजे.

२०१० मध्ये आलेल्या लिंग असमानता निर्देशांकात मातामृत्यू आणि किशोरवयीन मातृत्व यांचा समावेश झाला. पुरुषांशी तुलनाच होऊ न शकणारी ही मापे तुलनेच्या गणितात का, असा रास्त आक्षेप अभ्यासकांनी घेतला. उलट, जन्माच्या वेळचे मुला-मुलींचे प्रमाण मंच मोजतो, हा निर्देशांक मोजत नाही. गर्भलिंग चाचण्यांवर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा १९८८ मध्ये ज्या महाराष्ट्राला करावा लागला, तिथल्या वाचकाला ही उणीव खटकल्यावाचून राहणार नाही.

राजकीय सत्ता मोजताना हा निर्देशांक संसदेपाशी थांबतो, तर मंच मंत्रिपदे आणि देशाचे सर्वोच्च पद यांचीही नोंद घेतो. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पण ग्रामसभेत पाणीपुरवठ्याचा ठराव मंजूर करून घेणाऱ्या सरपंचबाईंची दोन्ही ठिकाणच्या गुणांत नोंदच होत नाही.