मागावर उभं राहिलेलं शहर : इचलकरंजीची पार्श्वभूमी

इचलकरंजी जिल्ह्याचं ठिकाण नाही. गाव तालुक्यात येतं तेही हातकणंगल्याच्या, आणि गाडी पकडायची तर हातकणंगले स्टेशनच गाठावं लागतं. अशा गावाची २०२२ साली महानगरपालिका झाली. हे सरकारी कृपेने झालं असं ज्यांना वाटतं, त्यांनी सव्वाशे वर्षं मागे जायला हवं.

घोरपड्यांची ही जहागीर. मूळ पुरुष नारो महादेव जोशी. संताजी घोरपड्यांच्या पदरी राहून त्यांनी धन्याचंच आडनाव घेतलं. पुढे त्यांच्या मुलाला, व्यंकटरावांना, पेशवे बाळाजी विश्वनाथांची मुलगी अनुबाई दिली आणि घराण्याचं वजन वाढलं. पण आजच्या शहराच्या दृष्टीने महत्त्वाचे ते नारायणराव बाबासाहेब घोरपडे. गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना त्यांच्याकडे आश्रय मिळाला, हे संगीतप्रेमींना ठाऊक असतं. उद्योगालाही त्यांनी तसाच हात दिला, याची आठवण मात्र कमी निघते. त्यांच्याच काळात, १९०४ मध्ये, विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग बसवला. तोवर इथे हातमागावर लुगडी विणली जात.

त्या एका मागाचं लोण घरोघरी गेलं. गिरणीला भांडवलदार लागतो. चार माग मात्र घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्येही बसतात. म्हणून इथे एक मोठा मालक झाला नाही, हजारो छोटे झाले. त्यातले बरेच खर्चीवाले. व्यापाऱ्याने बीम (ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं सूत गुंडाळलेला रूळ) आणि बाण्याचं, म्हणजे आडव्या धाग्याचं सूत द्यायचं, यांनी कापड विणून परत करायचं आणि पिकावर मजुरी घ्यायची. पीक म्हणजे इंचभर कापडात बसणारे आडवे धागे. कामगाराची मजुरीही इथे ‘५२ पिकाला मीटरमागे इतके पैसे’ अशीच ठरते, आणि त्या पैशांतल्या एखाद-दोन पैशांसाठी लाल बावट्याखाली कामगारांनी किती वेळा संप केले! बीमचे धागे मागात ओवणारा वहिफणीवाला, बाण्याच्या सुताची कांडी भरणारी बाई, माग दुरुस्त करणारा जॉबर यांच्याशिवाय इचलकरंजीचा इतिहास लिहिणं मला तरी अपुरं वाटतं.

छोट्या मागवाल्याची खरी अडचण सूत. ते बाहेरून यायचं, भाव व्यापारी ठरवायचा. यातून सुटायचं तर एकत्र येणं भाग होतं, आणि इथेच सहकार आला. डेक्कन सहकारी सूतगिरणी उभी राहिली. शेजारी गंगानगरला, घटना समितीचे सदस्य राहिलेल्या देशभक्त रत्नाप्पाण्णा कुंभारांचा पंचगंगा साखर कारखाना होता, त्यामुळे सहकार म्हणजे काय हे या भागाला समजावून सांगावं लागलं नाही. दत्ताजीराव कदम, पुढे कल्लाप्पाण्णा आवाडे ही मंडळी त्याच मुशीतली. आवाडे यांच्या नावाशी जनता बँक, जवाहर साखर कारखाना आणि महिलांची सूतगिरणी जोडलेली आहे. दोघेही खासदार झाले, पण गावात त्यांची ओळख संस्था उभारणारे म्हणूनच राहिली. १९८२ साली कदमांच्या नावाने टेक्स्टाईलचं कॉलेज निघालं, तेच आजचं डीकेटीई. मागवाल्याच्या पोराला वस्त्रोद्योगाची पदवी गावातच मिळू लागली, ही मला त्या पिढीची सर्वांत मोठी कमाई वाटते.

संस्था आल्या की सत्ता येते. सूतगिरणी, बँक, कारखाना आणि नगरपालिका यांतली माणसं पुष्कळदा तीच असत. त्यामुळे कामं झपाट्याने झाली, हे खरं. पण मागाला लागणाऱ्या सायझिंग-प्रोसेसिंगचं, म्हणजे सुताला खळ लावण्याचं आणि कापड धुण्या-रंगवण्याचं सांडपाणी पंचगंगेत जात राहिलं, तेव्हा ठामपणे अडवणारा कोणी उरला नाही, हेही तितकंच खरं. २०१२ च्या काविळीच्या साथीत शहरात माणसं दगावली. आज पाणी कृष्णेवरून, मजरेवाडीहून आणावं लागतं. दूधगंगेवरच्या सुळकूड योजनेला नदीकाठच्या गावांचा विरोध आहे. आमच्या शेतीचं पाणी का देऊ, असं ते विचारतात.