'पार्टी'त न आलेला कवी

गोविंद निहलानींचा 'पार्टी' १९८४ साली आला. मुंबईतलं एक सधन घर, दमयंती राणे यांनी बोलावलेले लेखक, नट, डॉक्टर, पत्रकार, आणि निमित्त नाटककार दिवाकर बर्वे यांना मिळालेल्या पुरस्काराचं. जवळजवळ सगळा चित्रपट त्या एका रात्रीत घडतो. खाणंपिणं चालू आहे, एकमेकांची उणीदुणी निघतायत, आणि प्रत्येकाच्या बोलण्यात फिरून फिरून येतो तो अमृत नावाचा कवी, जो तिथे आलेलाच नाही. लेखनाचं मोठेपण मागे टाकून तो आदिवासींमध्ये काम करायला गेला आहे. हा चित्रपट मुंबईच्या उच्चभ्रू कलावर्तुळाचा म्हणून ओळखला जातो. त्याचं मूळ मात्र नागपूरच्या लेखकाकडे जातं. महेश एलकुंचवारांनी १९७६ साली याच नावाचं मराठी नाटक लिहिलं होतं आणि चित्रपटाची पटकथाही त्यांचीच.

एलकुंचवारांचा जन्म १९३९ सालचा, यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचा. शिक्षणासाठी नागपूरला आले आणि इथेच इंग्रजीचे प्राध्यापक झाले. सिनेमाचं तिकीट मिळालं नाही म्हणून ते एकदा नाटकाला गेले. ते तेंडुलकरांचं 'मी जिंकलो, मी हरलो' होतं, दिग्दर्शन विजया मेहतांचं. दुसऱ्या दिवशी तेच नाटक त्यांनी पुन्हा पाहिलं आणि नाटक लिहायचं ठरवलं. १९६७ साली 'सुलतान' ही एकांकिका 'सत्यकथा' मासिकात आली, विजयाबाईंच्या नजरेस पडली, आणि पुढे त्यांनीच एलकुंचवारांच्या एकांकिका रंगमंचावर आणल्या. 'पार्टी'त दमयंती राणे झाल्या आहेत त्याही विजयाबाईच.

नाटकाचं साल नीट पाहायला हवं. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली. त्याच डिसेंबरात कराडला साहित्य संमेलन भरलं, अध्यक्षस्थानी दुर्गा भागवत आणि स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण. आजारी जयप्रकाशांना बरं वाटावं म्हणून दुर्गाबाईंनी त्या मंडपात प्रार्थना करायला लावली आणि लेखनस्वातंत्र्याबद्दल उघड बोलल्या. पुढे त्यांना अटक झाली. पद्मश्री आणि ज्ञानपीठ हे दोन्ही सन्मान त्यांनी नाकारले. नाटकातली पात्रं यावरून बेतली असं मला म्हणायचं नाही. पण राजमान्यता मिळालेल्या लेखकाने अन्यायासमोर काय करायचं, हा प्रश्न त्या वर्षी मराठी लेखकांच्या दाराशी येऊन उभा होता, आणि बर्वे हे पात्र त्या हवेत जन्मलं.

निहलानीही या प्रश्नाकडे एकाएकी आलेले नव्हते. सत्यदेव दुबेंनी १९७१ साली 'शांतता! कोर्ट चालू आहे' पडद्यावर आणलं तेव्हा कॅमेरा निहलानींचा होता. गंमत म्हणून मांडलेला अभिरूप खटला आणि त्यात एका अविवाहित शिक्षिकेची सोललेली अब्रू, हे त्यांनी भिंगातून पाहिलं होतं. १९८० सालचा 'आक्रोश' हा दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिला चित्रपट, पटकथा तेंडुलकरांची. त्यातला आदिवासी लहान्या भिकू बायकोच्या खुनाच्या आरोपाखाली कोर्टात उभा आहे आणि तोंडातून शब्द काढत नाही. तो लहान्या झालेले ओम पुरी 'पार्टी'त अविनाश नावाचे पत्रकार आहेत. पाहुण्यांना भिडून वाद घालतात आणि अमृत मारला गेल्याची बातमी तेच आणतात.

ती बातमी आल्यावर काय होतं, यात चित्रपटाचं सगळं सामर्थ्य आहे. क्षणभर सगळे हादरतात. मग पांगतात, घरी जातात. शेवटी बर्वेंच्या डोळ्यांपुढे रक्ताळलेला, जीभ छाटलेला अमृत येतो. या पाहुण्यांपैकी कुणीही त्याचा खून केलेला नाही. त्यांचा अपराध असा की त्यांना सगळं ठाऊक होतं, ते त्यावर सुंदर बोलू शकत होते, आणि ते बोलणंच त्यांना पुरेसं वाटत होतं. मोहिनी बर्वे झालेल्या रोहिणी हट्टंगडींना या चित्रपटासाठी सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ती दाद योग्यच होती, कारण त्या घरात स्वतःच्या आयुष्याबद्दल खरं बोलणारी तीच एक आहे.

त्याच वर्षी एलकुंचवारांच्या 'होळी'वर केतन मेहतांनी चित्रपट काढला. सुट्टी नाकारल्याने पेटलेलं वसतिगृह, नावं सांगणारा मुलगा, त्याची सगळ्यांनी मिळून केलेली विटंबना आणि त्याची आत्महत्या. इथेही खुनी म्हणून एकाकडे बोट दाखवता येत नाही.

नागपूरकराला उपरोध नवा नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे पीडेचे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात, सोबत महागाई, भ्रष्टाचार, पुढाऱ्यांची सोंगं घेतलेले बडगे नावाचे पुतळे असतात आणि इतवारी-महालातून 'घेऊन जा गे मारबत'चा गजर होतो. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली ही परंपरा मला मनापासून प्रिय आहे. पण तिथे पीडा गावाबाहेर नेऊन जाळायची असते. एलकुंचवारांनी ती दिवाणखान्यात बसवून ठेवली.

शिवाय नागपूरच्या वाचकाला अमृत गेला तसा आदिवासी भाग नकाशावर शोधावा लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातून १९८२ साली वेगळा झालेला गडचिरोली इथून काही तासांच्या रस्त्यावर आहे. मुंबईच्या प्रेक्षकाला जे दूरचं जंगल, त्या भागातली माणसं इथे रोज दवाखान्यात, कचेऱ्यांत, कोर्टात येतात.

या गोष्टीचा पुढचा टप्पा तीस वर्षांनी आला, आणि तोही नागपूरच्या माणसामुळे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात पारितोषिक मिळालं, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. त्यातले लोकशाहीर नारायण कांबळे झाले होते वीरा साथीदार, नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते आणि 'विद्रोही' मासिकाचे संपादक. १९५६ साली दीक्षाभूमीवर जे घडलं त्यातून नागपुरात पुस्तकं, सभा आणि गाणी यांची जी परंपरा वाढली, तिच्यातलेच ते. 'पार्टी'त कवीबद्दल इतरच बोलत राहतात. इथे कवी स्वतः समोर उभा आहे, गातो आहे, आणि आरोपीही तोच आहे.

आरोप असा की गटारात उतरणाऱ्या वासुदेव पवार या कामगाराने कांबळेंचं गाणं ऐकून आत्महत्या केली. गटारात उतरवताना त्याला कसलंही सुरक्षासाधन दिलेलं नव्हतं, हे त्याच्या विधवेच्या साक्षीतून बाहेर येतं. तिच्या भूमिकेत उषा बाने आहेत. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदा झाला. १९९३ पासून गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यावेत असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दिला. म्हणजे जबाबदारी कुणाची, हे कागदावर स्पष्ट आहे. चित्रपटातलं न्यायालय त्या दिशेला पाहतच नाही. बाहीविना पोशाख घातला म्हणून एका बाईची सुनावणी पुढे ढकलणारे न्यायाधीश दुष्ट नाहीत, सरकारी वकील नूतनही नाहीत. त्या लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात. बचावाचे वकील विनय व्होरा भले आहेत, हुशार आहेत. अविनाशसारखे ते निदान त्या माणसासाठी उभे राहिले. पण त्यांचं घर, खाणं, संध्याकाळी ऐकायचं संगीत दमयंती राणेंच्या पाहुण्यांना शोभेल असंच आहे, आणि ताम्हाणे ते लपवत नाहीत.

गीतांजली कुलकर्णी, विवेक गोम्बर यांच्यासारख्या कसलेल्या नटांसमोर साथीदार जे करतात त्याला अभिनय म्हणणं मला जड जातं. संभाजी भगतांची गाणी ते गातात तेव्हा अनेक वर्षं अशाच मंचांवर उभा राहिलेला माणूस दिसतो. एप्रिल २०२१ मध्ये करोनाने नागपुरातच त्यांचं निधन झालं. चित्रपटात कांबळेंना जामीन मिळतो, पुन्हा अटक होते, आणि दुसऱ्या जामिनासाठी व्होरांना उच्च न्यायालयात जायला सांगून न्यायाधीश उन्हाळी सुट्टीवर निघतात.