क्षेपणास्त्राची गिरकी रोखणारं दातेरी चक्र

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला हवाई दलाने मिग-२१ विमानांना निरोप दिला आणि त्यानिमित्ताने या विमानाची जुनी छायाचित्रं पुन्हा सगळीकडे फिरली. त्यांतल्या काहींमध्ये विमानाच्या पंखाखाली टांगलेलं के-१३ क्षेपणास्त्र दिसतं. छायाचित्र मोठं करून त्याच्या शेपटीच्या पंखाचा मागचा, बाहेरचा कोपरा पाहा. तिथे धातूची एक छोटी चकती असते, कडेला दाते पाडलेली. बंदुकीची गोळी स्वतःभोवती फिरत जाते, तसंच क्षेपणास्त्रही जात असेल आणि ही चकती त्याला फिरवत असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण तिचं काम नेमकं उलट आहे. क्षेपणास्त्राने गिरकी घेऊ नये म्हणून ती तिथे बसवली आहे. तिचं नाव रोलरॉन.

ही कल्पना अमेरिकेची. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात चायना लेक इथे नौदलाचं शस्त्र-चाचणी केंद्र आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे विल्यम मॅक्लीन यांच्या गटाने शत्रूच्या इंजिनाची उष्णता हेरून त्यामागे जाणारं साइडवाइंडर क्षेपणास्त्र घडवलं. सप्टेंबर १९५३ मध्ये त्याने पहिल्यांदा उडतं लक्ष्य टिपलं आणि १९५६ मध्ये ते सेवेत आलं. १९५८ मध्ये तैवानच्या सामुद्रधुनीवरच्या हवाई लढाईत असं एक क्षेपणास्त्र न फुटता चिनी मिगमध्ये अडकून राहिलं आणि पुढे सोव्हिएत अभियंत्यांच्या हाती लागलं. त्यांनी केलेली नक्कल म्हणजे के-१३. नकलेत रोलरॉनही जसेच्या तसे आले. ओझरच्या कारखान्यात बनलेल्या मिग-२१ एफएल विमानांवर हेच क्षेपणास्त्र असायचं.

आता मुळात गिरकीचा त्रास काय, ते पाहू. साध्या, दिशा न बदलणाऱ्या रॉकेटला गिरकी फायद्याचीच असते. विल्यम हेल यांनी १८४४ मध्ये रॉकेटला स्वतःभोवती फिरवून स्थिर केलं आणि रॉकेट सरळ ठेवणारी मागची लांब काठी काढून टाकली. पण वाटेत वळणाऱ्या क्षेपणास्त्राची गोष्ट वेगळी. साइडवाइंडरच्या नाकाजवळ चार छोटे हलते पंख असतात, त्यांना कॅनार्ड म्हणतात. नाकातला शोधक सांगतो, लक्ष्य उजवीकडे आहे. त्याप्रमाणे कॅनार्ड वळतात. शोधकाचा संकेत मिळण्यापासून क्षेपणास्त्र प्रत्यक्ष वळेपर्यंत थोडा वेळ जातो. समजा तो १/८ सेकंद आहे आणि क्षेपणास्त्र सेकंदाला २ गिरक्या घेत आहे. तेवढ्या वेळात ते ९० अंश फिरलेलं असेल, म्हणजे उजवीकडचा धक्का वर किंवा खाली लागेल. मग नवी चूक, तिची नवी दुरुस्ती, तीही चुकीच्या दिशेने. क्षेपणास्त्र मळसूत्री वाटेने भरकटतं.

आणि गिरकी सुरू व्हायला फार काही लागत नाही. सुरुवातीचं साइडवाइंडर सुमारे २.८ मीटर लांब, १२.७ सेंटीमीटर व्यासाचं आणि ७० किलोच्या आसपास वजनाचं होतं. पंख सोडून त्याला सरळ दंडगोल मानलं, तर लांबीच्या अक्षाभोवती त्याचं जडत्व-आघूर्ण, म्हणजे फिरवलं जाण्याला होणारा विरोध, येतं साधारण ०.१४ किलोग्रॅम-वर्ग मीटर. तोच दांडा आडवा फिरवायचा तर ते ४५ च्या पुढे जातं. म्हणजे नाक वळवण्यापेक्षा गिरकी देणं तीनशे पटींहून सोपं. एखादा पंख किंचित तिरका बसला तरी पुरे. वर कॅनार्ड वळले की त्यांच्यामागे तयार होणारे हवेचे भोवरे शेपटीच्या पंखांवर विषम आदळतात आणि अधूनमधून गिरकीचा झटका देतात. कॅनार्ड समोरासमोरच्या जोडीने हलतात, त्यामुळे हा झटका ते स्वतः परतवू शकत नाहीत.

यावर सरळ उपाय होता. गिरकी मोजणारा गायरोस्कोप (वेगाने फिरणाऱ्या चक्राचं उपकरण), त्याचं इलेक्ट्रॉनिक्स आणि शेपटीला हलत्या पट्ट्या. अडचण अशी की वीज आणि कॅनार्ड हलवणारा दाबाचा वायू हे सगळं नाकाकडच्या भागात, आणि शेपटीकडचा सगळा भाग रॉकेट मोटरने व्यापलेला. तारा आणि नळ्या मोटरवरून मागे न्यायच्या, म्हणजे वजन, खर्च आणि बिघाडाच्या जागा वाढवायच्या.

चायना लेकच्या गटाने आधी गरज नीट ओळखली. उष्णता शोधणाऱ्या क्षेपणास्त्राला वर कुठे आणि खाली कुठे याच्याशी देणंघेणं नसतं. ते तिरकं होऊन उडालं तरी शोधक आणि कॅनार्ड एकत्रच तिरके होतात. म्हणजे गिरकीचा कोन सांभाळायची गरजच नाही, गिरकीचा वेग कमी राहिला की झालं. आणि फिरतं चक्र प्रतिसाद देतं तो वेगालाच. पूर्ण रोलरॉन या एका जाणिवेवर उभा आहे.

रचना अशी. शेपटीच्या चारही पंखांच्या मागच्या बाहेरच्या कोपऱ्यात बिजागरीवर हलणारी एकेक पट्टी असते. बिजागरी साधारण पंखाच्या लांबीच्या दिशेने, मुळापासून टोकाकडे. पट्टीत दातेरी चक्र बसवलेलं असतं, त्याचा आस पट्टीच्या पृष्ठभागाला काटकोनात. चक्राची बाहेरची कड पट्टीच्या टोकापलीकडे थोडी डोकावते. त्या कडेवरच्या दात्यांवर हवा आदळते आणि चक्र पाणचक्कीसारखं फिरू लागतं. समजा त्याचा व्यास ६ सेंटीमीटर आहे आणि कड सेकंदाला १०० मीटर वेगाने धावते आहे, तर फेऱ्या होतात मिनिटाला सुमारे ३२ हजार.

इथे तीन अक्ष एकमेकांना काटकोनात आहेत. क्षेपणास्त्राच्या गिरकीचा, चक्राच्या आसाचा आणि बिजागरीचा. फिरत्या चक्राचा आस वळवायला गेलं की ते तिसऱ्याच दिशेने ढकलतं. सायकलचं सुटं पुढचं चाक घेऊन हे करून पाहता येतं. दांड्याची दोन टोकं दोन हातांत धरा, दांडा आडवा ठेवा, चाकाची वरची कड तुमच्यापासून दूर जाईल असं कोणाला तरी ते जोरात फिरवायला सांगा आणि मग स्वतः झटकन डावीकडे वळा. दांड्याचं डावं टोक वर उसळेल.

रोलरॉनमध्ये हाच धक्का बिजागरीभोवती बसतो. समजा क्षेपणास्त्र गिरकी घेऊ लागलं आणि वरचा पंख डावीकडे सरकू लागला. चक्र पट्टीची मागची कड डावीकडेच लोटतं. पट्टी हवेला डावीकडे वळवते आणि हवेची प्रतिक्रिया पंखाला उजवीकडे ढकलते. बाकीच्या तीन पंखांवरही हेच घडतं. गिरकी मंदावली की चक्राचा धक्का ओसरतो आणि हवा पट्टीला परत सरळ करते. क्षेपणास्त्राने नाक वर-खाली किंवा डावी-उजवीकडे वळवलं, तर बिजागरीभोवती असा धक्का बसतच नाही, त्यामुळे हे यंत्र वळणात ढवळाढवळ करत नाही. हवा चक्राच्या बाहेरच्या कडेवरच आदळली पाहिजे, हेही महत्त्वाचं. तीच आतल्या कडेवर घेतली असती, तर चक्र उलटं फिरलं असतं आणि पट्टीने गिरकी वाढवली असती.

थोडं गणित केलं की याचं खरं सौंदर्य दिसतं. पट्टी किती वळणार हे दोन गोष्टींच्या झुंजीवर ठरतं. चक्राचा धक्का, म्हणजे त्याचा कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) गुणिले गिरकीचा वेग, पट्टीला वळवतो, आणि हवेचा गतिक दाब (वेगामुळे येणारा दाब) तिला सरळ करतो. म्हणून कोन हा धक्का भागिले दाब या प्रमाणात. पण पट्टीमुळे पंखावर येणारं बल कोन गुणिले दाब या प्रमाणात. दोन्ही एकत्र केले की दाब कटतो आणि उरतो फक्त चक्राचा संवेग आणि गिरकीचा वेग. अर्थ असा की उंचावर विरळ हवेत पंखांचा गिरकीला होणारा नैसर्गिक विरोध घटतो, पण चक्र वेगात असेल तर रोलरॉनचा विरोध टिकतो. पट्टी फक्त जास्त वळते, तिच्या मर्यादेला टेकेपर्यंत. ना संगणक, ना वीज, आणि तरीही उंचीप्रमाणे स्वतःला जुळवून घेतं.

म्हणूनच फिरत्या चक्रांविषयीच्या भाकडकथा खटकतात. १९७४ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एरिक लेथवेट या नावाजलेल्या अभियंत्याने गायरोस्कोप न्यूटनचे नियम पाळत नाही, असं सुचवलं होतं. आजही गुरुत्वावर मात करणाऱ्या चक्रांच्या चित्रफिती पसरवल्या जातात. फिरणारं चक्र आधारासकट वजनकाट्यावर ठेवा, वजन तेवढंच भरतं. न्यूटनचे नियम काटेकोर पाळतं म्हणूनच तर रोलरॉन चालतो.

व्यवहारात जपावं लागतं ते चक्राला. वरच्या उदाहरणातल्या चक्राच्या कडेवरून ०.१ ग्रॅमचा तुकडा उडाला, तर सुमारे ३३ न्यूटनचा असंतुलित ओढा सेकंदाला ५३० वेळा दिशा फिरवत बेअरिंगवर बसतो. बेअरिंग मोडतंच, शिवाय पट्टी थरथरू लागते. वाळू, गंज किंवा बर्फाने चक्र अडलं, तर ती पट्टी निव्वळ लोंबती राहते. बिजागरी सैल झाली तर हवेत फडफड सुरू होते, आणि घट्ट झाली तर लहान गिरक्यांना प्रतिसादच मिळत नाही. विमानाखाली टांगलेलं असतानाच चक्र हवेने फिरू लागतं, हे सोयीचं, कारण डागण्याच्या क्षणी ते वेगात असतं. पण विमान स्वतः कोलांट्या घेताना पट्ट्या उगाच वळू नयेत म्हणून त्या अडकवून ठेवलेल्या असतात. रॉकेट मोटर पेटून क्षेपणास्त्राला पुढे झटका बसला की तो अटकाव सुटतो.

प्रत्येकच क्षेपणास्त्राला याची गरज नसते. खांद्यावरून डागायचं स्टिंगर मुद्दाम गिरकी घेत उडतं आणि त्या गिरकीशी ताल जुळवून आपले पंख हलवतं. त्यासाठी जुळणीचं इलेक्ट्रॉनिक्स लागतं, जे १९५० च्या दशकात इतक्या छोट्या नळकांड्यात बसवणं अवघड होतं. २००३ मध्ये सेवेत आलेल्या साइडवाइंडरच्या एक्स आवृत्तीत मोटरच्या झोतात वळणाऱ्या पट्ट्या आणि शेपटीचे हलते पंख आले, आणि रोलरॉन गेले. आपल्या मिग-२१ च्या शेवटच्या, बायसन आवृत्तीवर आर-७३ क्षेपणास्त्र असायचं. त्याच्याही मागच्या पंखांवर दातेरी चक्र नाही. तिथे गिरकी आवरायला यंत्राने हलवल्या जाणाऱ्या पट्ट्या आहेत.