सपाट फळ्यांवरचा चढ: रंगमंचाच्या परिभाषेची पार्श्वभूमी

तालमीत दिग्दर्शक नटाला ‘अप-स्टेजला जा’ म्हणतो आणि नट सपाट फळ्यांवरून मागच्या पडद्याकडे चालू लागतो. चढ कुठेच नसतो. नाटकवाल्यांच्या रोजच्या बोलण्यातले निम्मे शब्द असेच आहेत. कुठला तरी उतार, कुठली तरी वात, एखादी गाडी किंवा आग यांच्यापोटी ते जन्मले. यंत्रणा मोडीत निघाली, शब्द मात्र टिकले. कोणती अडचण सोडवायला तो शब्द आला हे ठाऊक नसले, की तालमीत त्याचा नुसता हुकूम होतो आणि प्रयोगात घोळ.

सुरुवात यंत्राने झालेली नाही, नटाच्या आवाजाने आणि चेहऱ्याने झाली आहे. भरताच्या ‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात माणसांसाठी सांगितलेले मध्यम प्रेक्षागृह ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद आहे. हात म्हणजे सुमारे दीड फूट धरला तर हे ९६ बाय ४८ फूट होते. त्यातला पुढचा अर्धा भाग प्रेक्षकांचा. मागच्या अर्ध्यात रंगपीठ म्हणजे खेळायची जागा, तिच्यामागे रंगशीर्ष आणि सर्वांत मागे नेपथ्यगृह, म्हणजे वेश करायची खोली. याहून मोठे का नको, याचे कारणही तिथेच दिले आहे: शब्द विस्वर, म्हणजे अस्पष्ट, होतो आणि चेहऱ्यावरचे भाव दिसेनासे होतात. आज हजार खुर्च्यांच्या सभागृहात कॉलर माइक लावून पहिली अडचण सुटते, दुसरी तशीच राहते. आवाज कानाशी आणि चेहरा शंभर फुटांवर, अशी विचित्र फाळणी शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाच्या वाट्याला येते.

त्या रंगमंचावर स्थळ दाखवायला देखावा नव्हता. कक्ष्याविभाग होता, म्हणजे रंगपीठाचे मनाने पाडलेले भाग. पात्राने एक फेरी मारली की राजवाडा संपून तपोवन सुरू. बोलण्याचेही असेच ठरलेले प्रकार होते. स्वगत म्हणजे स्वतःशी, आकाशभाषित म्हणजे मंचावर नसलेल्या पात्राशी, अपवारित म्हणजे इतरांपासून लपवून एकाला सांगितलेले गुपित. जनान्तिकात तर हाताची त्रिपताक मुद्रा, अनामिका दुमडलेली आणि बाकी बोटे सरळ, आडोशासारखी धरायची. पलीकडच्या पात्राला ऐकू गेले नाही हे प्रेक्षकांनी मान्य करायचे. आता याच कामासाठी बाकीच्यांना गोठवतात आणि बोलणाऱ्यावर स्पॉट टाकतात. दिवा अर्धा सेकंद उशिरा आला तरी वाक्य फसते. हाताचा क्यू, म्हणजे ठरलेली खूण, कधी चुकत नसे.

ग्रीकांकडे प्रेक्षक डोंगरउतारावर आणि खेळ खाली ऑर्केस्ट्रात, म्हणजे वर्तुळाकार मोकळ्या जागेत. मागची कपडे बदलायची झोपडी ती स्केने, तिच्यापुढची जागा प्रोस्केनियन. आजचे ‘सीन’ आणि ‘प्रोसिनियम’ तिथूनच निघाले. पण आपण ज्याला प्रोसिनियम म्हणतो ती मंचाच्या तोंडाशी असलेली चौकट ग्रीकांची नव्हे, इटलीची आहे.

सोळाव्या शतकात इटलीत चित्रकारांनी दृष्टिभ्रम रंगमंचावर आणला. सेबास्तियानो सर्लियोने १५४५ साली छापलेल्या ग्रंथात शोकान्तिका, सुखान्तिका आणि वनातला खेळ अशा तिन्हींसाठी ठरावीक देखावे आखून दिले. रस्ता दूर जातो असे भासवायचे तर मागची घरे लहान काढायची आणि जमीन मागे चढवत न्यायची. म्हणून मागचा भाग ‘अप’ आणि पुढचा ‘डाउन’. यात एक गोम होती. मागची घरे पुरुषभर उंचीची, त्यामुळे नट मागे गेला की छपरापेक्षा उंच दिसायचा आणि सारा भ्रम पार. नटांना पुढच्याच पट्टीत खेळावे लागे आणि चढ जवळजवळ चित्रासाठी राखून ठेवलेला असे.

पुढे इंग्लंडच्या नाट्यगृहांत हा चढ साधारण २४ला १, म्हणजे दर फुटाला अर्धा इंच, असा रुळला. ३० फूट खोल मंचावर मागची कडा पुढच्यापेक्षा १५ इंच उंच. ऐकायला किरकोळ, पण असा मंच वाट्याला आला तर चाकांची लेव्हल (उंचवट्याचा चौथरा) अडकण न लावता सोडली की ती फूटलाइट्सकडे, म्हणजे मंचाच्या पुढच्या कडेवरच्या दिव्यांकडे, येते, टेबलाच्या पुढच्या पायांखाली पाचर लागते आणि बाजूचा फ्लॅट (भिंतीसारखी उभी रंगवलेली चौकट) सरळ उभा राहावा म्हणून त्याची खालची कड तिरकी कापावी लागते. बसायच्या जागांना चढ देऊन मंच सपाट ठेवण्याची पद्धत नंतर आली आणि सुतारांची डोकेदुखी गेली.

‘अपस्टेज करणे’ हाही याच भूगोलाचा परिणाम. दोन नट बोलत असताना एक जण दोन पावले मागे सरकला, की दुसऱ्याला त्याच्याशी बोलण्यासाठी प्रेक्षकांकडे पाठ करावी लागते. चेहरा मागच्याचा दिसतो आणि प्रवेशही त्याच्या खिशात जातो. त्यावर उपाय सोपा: पुढच्याने वळायचे नाही, वाक्य प्रेक्षकांच्या बाजूलाच सोडायचे आणि ऐकणाऱ्याने पुढे येण्याची वाट पाहायची. चारी बाजूंनी प्रेक्षक असतील तिथे ही युक्ती आणि हे शब्द दोन्ही निकामी. तिथे मंच घड्याळाची तबकडी मानतात आणि ‘चारवरून नऊकडे जा’ असे सांगतात.

डावे-उजवे मात्र नटाचे, प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचे. फ्रेंचांनी हा गोंधळ वेगळ्याच रीतीने मिटवला. पॅरिसच्या त्वीलरी राजवाड्यातल्या नाट्यगृहाच्या एका अंगाला अंगण होते आणि दुसऱ्या अंगाला बाग. तेव्हापासून नटाची डावी ती ‘अंगणाची बाजू’, उजवी ती ‘बागेची’. राजवाडा जळून शतक उलटले तरी तिथे हेच चालते. आपल्याकडे प्रकाशाच्या क्यू-शीटमध्ये, म्हणजे कोणता दिवा कधी लावायचा त्या यादीत, डाव्या-उजव्याची चूक हमखास होते, कारण दिव्यांच्या बोर्डावर बसलेला माणूस मंचाकडे तोंड करून असतो. आराखड्यात प्रेक्षक नेहमी कागदाच्या खालच्या बाजूला काढायचे आणि दोन्ही कडांवर ‘नटाची डावी’, ‘नटाची उजवी’ असे लिहूनच ठेवायचे. मग पडताळणीच्या दिवशी सेटवरची खिडकी एका बाजूला आणि चांदणे दुसऱ्या बाजूला असे होत नाही.

विंग ही मूळची रंगवलेली चौकट. मंचाच्या दोन्ही अंगांना एकामागे एक उभ्या आणि मागे जाताना जवळ येत जाणाऱ्या. जाकोमो तोरेल्लीने १६४०च्या दशकात व्हेनिसमध्ये त्यांना खालून गाड्या जोडल्या. फळ्यांमधल्या फटींतून खांब वर यायचे, खांबांवर विंगा, तळघरात रुळांवर गाड्या आणि सगळे दोर एकाच रहाटाला. प्रतिवजन सोडले की एक संच आत सरके, दुसरा बाहेर, आणि आख्खे नगर प्रेक्षकांदेखत अरण्य होई. त्यासाठी पडदा पाडत नसत. तो बदल हाच खेळ होता. अंबाडीचा दोर ओल धरली की आखडतो, त्यामुळे असे दोर सतत सारखे करत राहावे लागतात, नाहीतर एक विंग जागेवर पोचते आणि समोरची वीतभर बाहेर राहते. स्टॉकहोमजवळच्या ड्रॉटनिंगहोल्म येथील १७६६च्या नाट्यगृहात ही यंत्रणा आजही चालते.

आजच्या काळ्या विंगांना एकच काम उरले आहे, ते म्हणजे झाकणे. तपासायची रीतही एकच: पहिल्या रांगेतल्या अगदी कडेच्या खुर्चीत बसून समोरच्या बाजूच्या विंगांमधून पाहायचे. मागचा माणूस दिसला तर विंग आत सरकवायची किंवा थोडी फिरवायची. मधल्या खुर्चीत बसून ‘ठीक आहे’ म्हणणारा दिग्दर्शक पहिल्याच प्रयोगात पाण्याची बाटली घेऊन उभा असलेला राजा प्रेक्षकांना दाखवतो. नटासाठी खूण याहून सोपी: तुला एकही प्रेक्षक दिसत असेल, तर तू त्याला दिसतोस.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पॅरिस-लंडनमध्ये श्रीमंत प्रेक्षक चक्क मंचावर बसत. पॅरिसच्या कोमेदी-फ्रांसेझ या नाट्यसंस्थेने त्यांना १७५९ साली हटवले. त्याच्या आदल्याच वर्षी फ्रेंच लेखक दिदरोने नटांना सुचवले होते, की मंचाच्या कडेला एक मोठी भिंत आहे असे समजा आणि पडदा उघडलाच नाही अशा रीतीने खेळा. चौथी भिंत ही कल्पना अशी आली. बाकीच्या तीन भिंती मात्र अजून उभ्याच राहिल्या नव्हत्या! पात्रे विंगांच्या फटींतून, म्हणजे घराच्या भिंतीतून, आत शिरत होती.

त्या तीन भिंती बॉक्स सेटने आणल्या. १८३०च्या दशकात लंडनच्या ऑलिंपिक थिएटरमध्ये मादाम व्हेस्ट्रिसने तो रूढ केल्याचे मानले जाते. खोलीला सलग भिंती, खरी दारे, वर छत. आंद्रे आंत्वानने १८८७मध्ये पॅरिसमध्ये सुरू केलेल्या ‘थेआत्र लिब्र’ने ही कल्पना टोकाला नेली: नट प्रेक्षकांकडे पाठ करून बोलू लागले आणि खाटकाच्या दुकानाच्या प्रवेशात खरे मांस टांगले गेले. मराठीत रंगवलेल्या पडद्यांना सोडचिठ्ठी देणारा ठळक प्रयोग म्हणजे ‘नाट्यमन्वंतर’ने १ जुलै १९३३ रोजी मुंबईत केलेला ‘आंधळ्यांची शाळा’. बॉक्स सेट, मोजकी पदे आणि स्त्रियांच्या भूमिकांत स्त्रिया.

बॉक्स सेटचे काही नियम भिंत झाकण्यातून आणि भिंत हलण्यातून आले आहेत. बाजूच्या भिंती काटकोनात लावल्या तर कडेच्या खुर्च्यांना त्यांच्यापैकी एक दिसतच नाही. म्हणून त्या पुढे पसरट ठेवतात. बाजूच्या दाराची बिजागरी मागच्या कडेला आणि दार बाहेर उघडणारे असावे. उघडलेली फळीच मग मागचा पसारा झाकते. तरीही पलीकडे एक फ्लॅट लागतोच. दार आपटले की सगळे घर थरथरते, कारण टेकू भिंतीच्या मध्यावर दिलेला असतो आणि चौकटीला मात्र काहीच नसतो. टेकू आणि वजन चौकटीशीच हवे. छत टाकले तर वरचे दिवे बंद होतात, समोरून येणारा उजेड नटाची सावली मागच्या भिंतीवर पाडतो आणि भिंतीपासून तीन-चार फूट पुढे खेळणे भाग पडते.

खरी उलथापालथ उजेडाने केली. मेणबत्त्या आणि तेलाच्या दिव्यांच्या काळात चेहरा दिसेल एवढा उजेड फूटलाइट्सजवळच असे. नट पुढे येऊन का बोलत, याचे निम्मे उत्तर इथेच आहे. हा उजेड खालून येई आणि भुवयांच्या सावल्या कपाळावर चढत. जुना भडक मेकअप त्या सावल्या पुसण्यासाठी होता. तो तसाच वरच्या दिव्यांत वापरला की चेहरा मुखवटा दिसतो.

१८१६-१७ च्या सुमारास फिलाडेल्फिया आणि लंडनच्या नाट्यगृहांत गॅस आला. एका जागी बसून, एका चावीने सगळा मंच मंद करता येऊ लागला. लाइमलाइट १८३७मध्ये कोव्हेंट गार्डनला पोचला: ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीत तापवलेला चुन्याचा तुकडा. ज्योत एकाच जागी लागली की तिथे खड्डा पडतो, म्हणून तो सतत फिरवावा लागे आणि प्रत्येक दिव्यामागे एक माणूस बसे. माणूस होताच, तर तो दिवा नटामागे वळवूही लागला. फॉलो-स्पॉटची चाल तीच.

प्रेक्षागृहातला अंधार त्याहून नवा आहे. जर्मनीतल्या बायरॉइथला १८७६मध्ये संगीतकार वाग्नरने आपल्या नाट्यगृहात तो जाणीवपूर्वक वापरला. त्याआधी प्रेक्षक एकमेकांना पाहत बसत. लंडनच्या सॅव्हॉय थिएटरमध्ये १८८१ साली वीज आली आणि मंचही एका क्षणात काळा करता येऊ लागला. गॅस पूर्ण विझवणे धोक्याचे असे, कारण पुन्हा पेटवेपर्यंत तो साठतो. ब्लॅकआउट हे म्हणूनच विजेचे अपत्य. झगझगीत प्रवेशानंतर डोळ्याला अंधार सरावायला वेळ लागतो. शेवटच्या दोन-तीन वाक्यांत उजेड उतरवत आणला, मार्गावर चमकती पट्टी चिकटवली आणि बाहेर पडताना एका नटाने दुसऱ्याचा खांदा धरला, की खुर्च्या लाथाडल्या जात नाहीत. जुना हॅलोजन दिवा वीज तोडल्यावरही क्षणभर लालसर राहतो, एलईडी तत्क्षणी मरतो. जुन्या क्यू-शीटवर नव्या दिव्यांचा प्रयोग लावला तर प्रत्येक अंधार थोडा आधीच पडतो.

रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीने लक्षाचे वर्तुळ, म्हणजे नटाने आपले लक्ष जेवढ्यात ठेवायचे तेवढी जागा, समजावताना दिव्याचाच आधार घेतला: छोट्या टेबलावर एक दिवा, भोवती काळोख, आणि त्यात मिळणारा ‘चारचौघांतला एकांत’. अंधारे प्रेक्षागृह नसते तर हा विचार सुचता ना. त्याचा अतिरेक झाला की नटाचे वर्तुळ लहान होते आणि आवाज पाचव्या रांगेत विरतो.

उजेडाने माणसेही जाळली. शिकागोच्या इरोक्वॉइ थिएटरमध्ये ३० डिसेंबर १९०३ रोजी कार्बन-आर्क दिव्याची ठिणगी कापडाला लागली. आग मंचापुरती अडवणारा अग्निरोधक पडदा सोडला, पण तो मध्येच एका दिव्याच्या परावर्तकाला अडकला. सुमारे सहाशे माणसे गेली. बाहेर उघडणारी दारे आणि ढकलताच सुटणारे आडवे दांडे यांचा आग्रह त्यानंतर वाढला. सुरक्षा पडद्याच्या रेषेत आजही खुर्ची, लेव्हल, केबल काही ठेवायचे नसते. सेट दोन इंच पुढे हवा म्हणून ती रेषा ओलांडणारे नेपथ्यकार भेटतात. व्यवस्थापकाने तिथे नमते घेऊ नये.

भिंत उभी झाल्यावर ती पाडणेही आले. १९३५मध्ये मॉस्कोत चिनी नट मेइ लानफांगचा अभिनय पाहून जर्मन नाटककार ब्रेख्तने लिहिले, की हा नट चौथी भिंत गृहीतच धरत नाही. ब्रेख्तने दिवे उघडे टांगले, प्रकाश पांढरा आणि सपाट ठेवला आणि मखमली पडद्याऐवजी तारेवर सरकणारा बुटका अर्धा पडदा घेतला. मागे सामान हलवणारे दिसले तरी चालतील, अशी त्यामागची भूमिका. पुण्यात १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’मध्ये तर नाचत-गात उभी राहिलेली ब्राह्मणांची रांगच पडदा झाली. ती भिंत उघडे, मिटे, हवे ते लपवी, आणि वर प्रेक्षकांकडे पाहून हसेही. असे खेळ करणाऱ्यांनी प्रेक्षागृहातला अंधार पूर्ण ठेवू नये. पहिल्या काही रांगांवर मंद उजेड राहिला नाही तर नट कोणाच्या डोळ्यांत पाहून बोलणार? समोर काळोख असला की तो खुर्च्यांच्या वर, हवेत, कुठेतरी बोलू लागतो.