एचडीपी आणि डीबीपी: एका घरातले दोन पक्ष

तुर्कस्तानच्या बातम्यांत ‘कुर्दांचा पक्ष’ असं वाचलं की तो नेमका कोणता, हे वाचणाऱ्याला सहसा कळत नाही. लिहिणाऱ्यालाही कळलेलं असतंच असं नाही. त्यांचा दोष नाही. १९९० पासून एचईपी, डीईपी, हादेप, देहाप, डीटीपी, बीडीपी अशी नावं एकामागून एक येत गेली. बहुतेक वेळा गोष्ट तीच: घटना न्यायालयाने एका पक्षावर बंदी घातली की तीच माणसं नव्या पाटीखाली उभी. २०१४ मध्ये मात्र वेगळंच घडलं. कुणी बंदी घातली नव्हती, तरी या चळवळीने आपणहून दोन पक्ष शेजारीशेजारी चालवायला घेतले. जुन्या बीडीपीचं नाव बदलून डीबीपी (लोकशाही प्रदेश पक्ष) झालं आणि त्याचे खासदार एचडीपीत (लोकांचा लोकशाही पक्ष) गेले. नावात अक्षरंही जवळपास तीच, त्यामुळे गोंधळ ठरलेलाच.

कामाची वाटणी सरळ होती. डीबीपीने आग्नेयेकडचा कुर्दबहुल भाग सांभाळायचा: दियारबाकर, व्हान, शिरनाक इथल्या नगरपालिका, गावपातळीवरची संघटना, स्थानिक स्वायत्ततेची मागणी. एचडीपीने अंकारातली संसद आणि सगळा देश बघायचा. एचडीपीची स्थापना २०१२ ची. त्यात कुर्दांबरोबर तुर्की डावे गट, स्त्रीवादी, पर्यावरणवादी असे बरेच जण होते. पीकेके या सशस्त्र कुर्द संघटनेचे संस्थापक आणि इमराली बेटावर १९९९ पासून कैदेत असलेल्या अब्दुल्ला ओजालान यांच्या कल्पनेतून हा पक्ष आला, असं सगळेच मानतात. विरोधकांनी त्याच्या विरोधात सर्वाधिक वापरलेला मुद्दाही तोच.

दोन्हींकडे एक पुरुष आणि एक स्त्री असे सहअध्यक्ष. पण कोण निवडले, यात फरक दिसतो. एचडीपीचे सेलाहत्तिन देमिर्ताश कुर्द, तर त्यांच्या जोडीच्या फिगेन युक्सेकदा तुर्की समाजवादी चळवळीतून आलेल्या. २०१५ च्या उमेदवारांतही तीच नजर होती: आर्मेनियन समाजातले गारो पायलान, यझिदी फेलेकनास उजा, हिजाबबंदीविरुद्ध लढलेल्या हुदा काया आणि राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांच्या सत्ताधारी एकेपी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक असलेले दंगिर मीर मेहमेत फिरात. डीबीपीला असल्या जुळवाजुळवीची गरजच नव्हती. त्याचा मतदार घरचा होता.

मग एचडीपीचा एवढा खटाटोप कशासाठी? कारण १० टक्क्यांचा उंबरठा. १९८० च्या लष्करी उठावानंतर आलेल्या या नियमानुसार देशभरात १० टक्के मतं न मिळालेल्या पक्षाला संसदेत एकही जागा मिळत नसे. (२०२२ मध्ये तो ७ टक्क्यांवर आला.) २००२ मध्ये देहापला सहा टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली, जागा शून्य. त्याच्या बालेकिल्ल्यातल्या जागाही दुसऱ्यांच्या पदरात पडल्या. म्हणून २००७ आणि २०११ मध्ये कुर्द नेते अपक्ष म्हणून उभे राहिले, कारण अपक्षांना हा नियम लागू नव्हता. २०११ मध्ये असे ३६ जण निवडून आले. ही वाट सुरक्षित होती, पण कुर्द भागाबाहेर फारशी जात नव्हती.

२०१५ मध्ये एचडीपीने अपक्षांची वाट सोडली आणि पक्ष म्हणून निवडणूक लढवली. हा जुगार होता. १० टक्के हुकले असते तर संसदेत एकही माणूस उरला नसता. आदल्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत देमिर्ताश यांना ९.७६ टक्के मतं मिळाली होती. त्याच भरवशावर डाव लावला. प्रचारात जोर कुर्द अस्मितेवर नव्हता, ‘तुला राष्ट्राध्यक्ष होऊ देणार नाही’ या एका वाक्यावर होता. एर्दोआन राष्ट्राध्यक्ष होतेच; रोख होता त्यांना हव्या असलेल्या, सगळी सत्ता राष्ट्राध्यक्षाच्या हाती देणाऱ्या अध्यक्षीय पद्धतीवर. इस्तंबूलमधल्या, २०१३ च्या सरकारविरोधी गेझी पार्क आंदोलनात उतरलेल्या तुर्की तरुणाला हे वाक्य आपलंच वाटलं. ७ जूनला एचडीपीला १३.१ टक्के मतं आणि ८० जागा मिळाल्या. एकेपीचं बहुमत २००२ नंतर पहिल्यांदा गेलं.

त्यावर ‘कुर्दांचा पक्ष राष्ट्रीय झाला’ असे मथळे आले. मला ते अर्धेच खरे वाटतात. मोठी उडी इस्तंबूल-इझमीरमुळे नव्हती. ती आग्नेयेत, आतापर्यंत एकेपीला मत देणाऱ्या धार्मिक वळणाच्या कुर्दांमुळे होती. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये सीमेपलीकडच्या, सीरियातल्या कोबानी या कुर्द शहराला इसिसचा वेढा होता आणि एर्दोआन म्हणाले होते की ते शहर पडायच्या बेतात आहे. हे ऐकून दुखावलेला मतदार एचडीपीकडे आला. दियारबाकर प्रांतात पक्षाला ७९ टक्के मतं पडली. म्हणजे पक्षाचा चेहरा जितका राष्ट्रीय झाला, तितकाच त्याचा कुर्द मतदार घट्ट एकवटला. बाहेरून आलेली तुर्की मतं कमी होती, पण उंबरठा ओलांडायला ती लागतच होती. तुर्कस्तानात अशा मतांना ‘एमानेत’ मतं म्हणतात: विश्वासाने सांभाळायला दिलेली, पुढेमागे परत मागता येणारी. निकालाच्या रात्री देमिर्ताश यांनी या मतदारांचा वेगळा उल्लेख करून आभार मानले. मत कशाच्या जोरावर आलंय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दोन पक्षांची वाटणी कागदावर किती नीट होती आणि प्रत्यक्षात किती कच्ची, ते पुढच्या सहा महिन्यांत दिसलं. जुलैत सुरुच शहरात इसिसशी संबंधित बॉम्बस्फोट झाला, पाठोपाठ पोलिसांच्या हत्या, आणि पीकेके व सरकार यांच्यातली शांतता प्रक्रिया मोडली. ऑगस्टपासून आग्नेयेतल्या गावागावांत ‘स्वशासन’ जाहीर होऊ लागलं. त्यात डीबीपीचे स्थानिक पदाधिकारी आणि महापौर पुढे होते. जिझ्रे आणि दियारबाकरचा जुना सूर भाग इथे तरुणांनी रस्त्यांत खंदक खणले, मग संचारबंदी, रणगाडे आणि उद्ध्वस्त मोहल्ले. आता इस्तंबूलच्या प्रचारसभेत एचडीपीच्या उमेदवाराला विचारलं जायचं: तुमचे महापौर तिकडे काय करताहेत? ‘ते डीबीपीचे, आम्ही एचडीपीचे’ हे उत्तर नियमाला धरून बरोबर होतं. पण ऐकणाऱ्याला पळवाट वाटायची, आणि मला तरी त्याचं काही चुकलं असं वाटत नाही.

नोव्हेंबरच्या फेरनिवडणुकीत एचडीपी १०.८ टक्क्यांवर आली, जागा ५९. सुमारे ९ लाख मतं गेली. त्यातली बरीच धार्मिक कुर्दांची, जी भीतीने पुन्हा एकेपीकडे वळली. म्हणजे गळती दोन्ही टोकांना होती: एकाला पक्ष फार कुर्द वाटला, दुसऱ्याला आपल्या गावची शांतता महत्त्वाची वाटली. डिसेंबरच्या अखेरीस दियारबाकरला भरलेल्या कुर्द संघटनांच्या परिषदेत देमिर्ताश यांनी स्वशासनाच्या मागणीला जाहीर पाठिंबा दिला, तेव्हा दोन पक्षांमधली भिंत त्यांनी स्वतःच पाडली. त्यांच्यावर दबाव होता हे खरं. आपल्या माणसांच्या गल्ल्यांवर तोफगोळे पडत असताना दुसरं काय बोलायचं, हा प्रश्नही रास्त आहे. पण ज्याने गेझीतल्या तरुणांच्या भाषेत मत मागितलं होतं, तो माणूस त्या दिवशी त्यांना दिसला नाही.

पुढे सरकारनेच दोघांना एका रांगेत बसवलं. २०१६ मध्ये डीबीपीच्या महापौरांना काढून सरकारी प्रशासक नेमले गेले; दियारबाकरच्या सहमहापौर गुल्तान किशानाक ऑक्टोबरमध्ये तुरुंगात गेल्या. ४ नोव्हेंबरला देमिर्ताश आणि युक्सेकदा यांनाही अटक झाली. सरकारच्या लेखी राष्ट्रीय पक्ष आणि प्रादेशिक पक्ष असा भेद उरला नव्हता.

२०१९ च्या स्थानिक निवडणुकांत कुर्द भागातल्या नगरपालिकाही एचडीपीच्याच नावावर लढवल्या गेल्या. डीबीपी कागदावर राहिला, पण वाटणी संपली. त्याच वर्षी इस्तंबूलमध्ये एचडीपीने महापौरपदाचा उमेदवारच दिला नाही. तिथल्या कुर्द मतदारांनी मोठ्या संख्येने विरोधी पक्षाचे उमेदवार एक्रेम इमामोलू यांना मत दिलं आणि २५ वर्षांनी ते शहर एर्दोआन यांच्या हातून गेलं. चार वर्षांपूर्वी ज्या तुर्की मतदारांनी आपली मतं कुर्द पक्षाकडे सांभाळायला दिली होती, त्यांच्या उमेदवाराला आता कुर्दांची मतं मिळाली, आणि तीही मतपत्रिकेवर एचडीपीचं नाव नसताना.