पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी का?

पन्हाळ्याचा चढ लागला की गाडी टकटक करते, अशी तक्रार घेऊन एक जुनी पद्मिनी उद्यमनगरातल्या गॅरेजात आली होती. मिस्त्री म्हणाले, "करंट लवकर पडतोय." मालक बुचकळ्यात. "ठिणगी पडली की पेट्रोलचा स्फोट हुतोय न्हवं? मग लवकर-उशिरा कसलं आलंय?"

हा गैरसमज घरोघरी आहे. धडधाकट इंजिनात स्फोट होतच नाही. प्लगपाशी ज्योत पेटते आणि गवताला लागलेल्या वणव्यासारखी सिलिंडरभर पसरत जाते. याला दोनेक मिलिसेकंद लागतात. पिस्टन वरच्या टोकावरून फिरून क्रँक (पिस्टनच्या वरखाली होण्यानं फिरणारा दांडा) साधारण १२ ते १५ अंश पुढे गेला, की दाब कमाल हवा. म्हणजे ठिणगी त्याआधी, पिस्टन वर येत असतानाच टाकायला हवी.

किती आधी? मिनिटाला ८०० फेऱ्या असताना क्रँक एका मिलिसेकंदात ४.८ अंश फिरतो, ३००० फेऱ्यांना १८ अंश. ज्योतीला वेळ तेवढाच लागला, तर तेवढ्यात क्रँक जवळजवळ चौपट फिरून जातो. पण वेगाबरोबर सिलिंडरातली खळबळही वाढते, ज्योत जास्त भरभर पसरते. म्हणून ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी किती अंश आधी पडते ते, वाढतो, पण चौपट नाही, आणि पुढे एका ठिकाणी थांबतो. डेल्कोमधली, म्हणजे प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटणाऱ्या डब्यातली, दोन वजनं वेगानं बाहेर फेकली जातात आणि स्प्रिंगा त्यांना आवरतात. हा सगळा हिशेब त्या स्प्रिंगांच्या ताणात लपलेला असतो.

ठिणगी फार लवकर पडली तर वर येणारा पिस्टन आणि ज्योत मिळून उरलेलं मिश्रण दाबतात, तापवतात, आणि ते आपोआप एकदम पेटतं. मालकांचा स्फोट तो हा! टकटक त्याचीच.

मिस्त्रींनी व्हॅक्यूमची नळी (इंजिनाच्या ओढीनं डेल्कोतला पडदा खेचून ठिणगी आणखी आधी पाडणारी) काढून तिच्या तोंडात स्क्रू खोचला, पुलीच्या खुणेवर खडू फिरवला आणि टायमिंग लाइटचा चिमटा एक नंबरच्या वायरला लावला. ठिणगीगणिक लाइट लखलखतो, त्यामुळे गरगरणारी पुली जागच्या जागी थिजल्यासारखी दिसते. आयडलला खूण बरोबर जागेवर होती. रेस वाढवली तशी ती हळूहळू सरकायला हवी. इथे १५०० फेऱ्यांच्या आतच टुणकन शेवटाला जाऊन बसली.

"स्प्रिंग गेलीया."

मग डेल्कोच्या पडद्याला जोडलेली नळी तोंडात धरून त्यांनी हवा ओढली, ठिणगीची वेळ हलवणारी प्लेट सरकली. म्हणजे पडदा शाबूत. मायलेजसाठी पेट्रोलच्या पाइपला बांधलेलं लोहचुंबक मात्र त्यांनी न विचारता काढून पान्ह्यांच्या डब्यात टाकलं. बंपरचं लिंबू-मिरची राहू दिलं. त्यानं निदान काही अडत नाही.

डेल्को उघडल्यावर एका स्प्रिंगची कडी तुटून तळाशी पडलेली सापडली.