पोकळ मांडवी आणि तीन हजार रुपये

दिवाळीत किल्ला बांधणाऱ्या मुलांना एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. किल्ला मातीचा दिसत असला, तरी तो आतून मातीचा नसतो. विटांचे तुकडे, फुटक्या कुंड्या, जुने खोके यांची रास रचायची, त्यावर ओले गोणपाट अंथरायचे आणि चिखलाचा थर फक्त वरून लिंपायचा. बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या घरी या वर्षी भाचीने खेळण्यातील प्लास्टिकच्या ठोकळ्यांनी मांडवी ही जुन्या शहराच्या मध्यावरची इमारत आणि तिच्या चार दिशांचे चार दरवाजे उभारण्याचा हट्ट धरला व त्यासाठी तीन हजार रुपयांची मर्यादा ठरली, तेव्हा किल्ल्याचे हेच तत्त्व आम्हाला शेवटपर्यंत पुरले.

या ठोकळ्यांची मापे मोठी नेमकी आहेत. डेन्मार्कमधील बिलुंड येथील लेगो कंपनीने आजच्या रचनेच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज केला. ठोकळ्यावरच्या एका गोल उंचवट्याच्या, म्हणजे बटणाच्या केंद्रापासून शेजारच्या बटणाच्या केंद्रापर्यंतचे अंतर ८ मिलिमीटर, बटणाचा व्यास ४.८ मिलिमीटर आणि ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर असते. ठोकळा उलटा केला की पोटात नळ्या दिसतात. चौरसात बसलेल्या चार बटणांपैकी समोरासमोरच्या दोन बटणांमधील तिरपे अंतर सुमारे ११.३१ मिलिमीटर भरते. त्यातून बटणाचा व्यास वजा केला की ६.५१ मिलिमीटर उरतात, आणि नळीचा बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच ठेवलेला असतो. त्यामुळे ठोकळा दाबून बसवताना प्लास्टिक किंचित वाकते, पूर्ववत होऊ पाहते आणि त्या ओढाताणीतून निर्माण झालेले घर्षण दोन्ही ठोकळ्यांना धरून ठेवते. डिंक लागत नाही, खिळाही लागत नाही.

यासाठी प्लास्टिक कडक असूनही चिवट हवे. सुरुवातीचे सेल्युलोज ॲसिटेट कालांतराने आकार बदलत असे, म्हणून १९६३पासून एबीएस वापरात आले. ॲक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरीन या तिघांपासून बनणाऱ्या या प्लास्टिकमध्ये ब्युटाडाइनचे रबरी कण तडा पसरू देत नाहीत. बडोदेकरांसाठी एक गंमत म्हणजे आपल्या शेजारच्या नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीतही एबीएस तयार होते. परदेशी डबा मात्र त्यामुळे स्वस्त होत नाही. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३मध्ये ७० टक्के झाले.

खर्चाचे खरे मूळ मात्र भूमितीत आहे. मांडवीसाठी आम्ही १६ गुणिले १६ बटणांचा, म्हणजे सुमारे १२.८ सेंटिमीटर बाजूचा पाया आणि २४ थरांची उंची धरली. इमारत भरीव केली तर प्रत्येक थराला २५६ बटणांची जागा व्यापावी लागते आणि त्यासाठी दोन गुणिले चार बटणांचे ३२ ठोकळे लागतात, म्हणजे एकूण ७६८. भिंती एकाच बटणाच्या रुंदीच्या ठेवून आत पोकळी सोडली की थरामागे ६० बटणे पुरतात. एखादी इमारत घराच्या भिंतीला टेकणार असेल, तर तिची मागची बाजू उघडी ठेवली की ४६. इमारत जितकी मोठी, तितका हा फरक वाढत जातो, कारण आकार दुप्पट केल्यास पृष्ठभाग चौपट होतो, पण घनफळ आठपट होते. भरीव बांधणारा हा आठपटीचा हिशेब चुकता करत बसतो, आणि पाहणाऱ्याला दिसतो तो फक्त पृष्ठभाग.

पोकळ भिंत दाबाने चेपेल ही भीती निराधार आहे. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात २०१२मध्ये दोन गुणिले दोनचा एकेक ठोकळा यंत्राखाली दाबून पाहिला, तेव्हा तो सरासरी ४,२४० न्यूटन बलाला टिकला. हे साधारण ४३२ किलो वजन झाले. तेवढे वजन भरण्यासाठी त्याच ठोकळ्यांचा मनोरा सुमारे साडेतीन किलोमीटर उंच व्हावा लागेल. आपली मांडवी वीतभर उंच. धोका वरून नाही, बाजूने आहे, कारण बारीक आणि उंच भिंत धक्क्याने कलते. म्हणून एका थरातील सांधा वरच्या थरातील सांध्यावर येऊ द्यायचा नाही, कोपऱ्यात ठोकळे एकाआड एक गुंफायचे आणि सात-आठ थरांनंतर एक आडवी पट्टी टाकून समोरासमोरच्या भिंती बांधून घ्यायच्या. कोणताही गवंडी हेच सांगेल. आतील पोकळीत आम्ही लिल्या चिवड्याचे रिकामे खोके बसवले. त्याने भिंतीला आधार मिळाला आणि खोके रिकामे करण्याचे कामही घरच्यांनी आनंदाने केले.

दुसरी बचत प्रमाणाची. या ठोकळ्यांबरोबर येणारा माणूस सुमारे चार सेंटिमीटर उंच असतो. तो खऱ्या माणसाच्या अंदाजे बेचाळिसावा भाग झाला. त्याच्या मापाने दहा मीटर उंचीच्या वाड्याला २५ थर लागतील. त्याऐवजी ३ मीटरच्या एका मजल्याला एक ठोकळा असे माप धरले, तर प्रमाण सुमारे ३१२ पटींचे होते आणि त्याच वाड्याच्या दर्शनी भागाला आधीच्या पंचावन्नाव्या भागाइतकेच ठोकळे पुरतात. माणसे मात्र त्या मापात ठिपक्याएवढी होतात. आम्ही आजूबाजूचे वाडे लहान मापाचे आणि मांडवी त्यांच्या तिप्पट मापाची केली. जुन्या तीर्थक्षेत्रांच्या नकाशांत देऊळ सगळ्यांत मोठे काढतात, तसे.

मूळ पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे. ठोकळ्याच्या आकारालाच व्यापारचिन्ह मानावे हा दावाही युरोपीय न्यायालयाने २०१०मध्ये फेटाळला. त्यामुळे त्याच मापाचे इतर ठोकळे मिळतात. लहान मुलांसाठी घेताना त्यांवर आयएसआयचे चिन्ह पाहावे. इथे आमची एक फजिती झाली. जुन्या सामानातून घेतलेले आणि नवे स्वस्त ठोकळे आम्ही एकाच भिंतीत मिसळले. दोन प्रकारांत प्रत्येक ठोकळ्यामागे मिलिमीटरचा विसावा भाग फरक असला, तरी दहा ठोकळ्यांनंतर तो अर्धा मिलिमीटर होतो. रांग मध्येच पोट काढते आणि कोपरा बसत नाही. सातव्या थरावर भाचीने जोर लावला आणि संपूर्ण पूर्व बाजू तिच्या मांडीवर आली. त्यानंतर एका इमारतीत एकाच प्रकारचे ठोकळे हा नियम केला. अनोळखी ठोकळा घेण्यापूर्वी त्याखाली चार-पाच ठोकळे जोडून त्याला हवेत उचलावे. पकड सैल असेल तर ते लगेच गळतात.

वजनावर मिळणारे जुने ठोकळे हाच सर्वांत किफायतशीर मार्ग आहे. दोन गुणिले चारचा ठोकळा सुमारे २.३ ग्रॅमचा असतो, म्हणजे किलोत साधारण ४३० भरतात. बटणांची एकच रांग असलेल्या एकेरी ठोकळ्याचे वजन मात्र दुहेरीच्या निम्म्याहून थोडे अधिक असते, कारण त्यालाही चार भिंती असतातच. आणलेले ठोकळे कोमट पाण्यात आणि साबणात धुवावेत, उकळत्या पाण्यात कधीही नाही. साधारण १०५ अंश सेल्सिअसला एबीएस मऊ पडते, पण त्याच्या बरेच आधी ते वाकडे होऊ शकते आणि मग पकड गेलीच.

जमिनीवर पैसे घालणे आम्ही टाळले. ३२ गुणिले ३२ बटणांची तयार तळपाटी एका बाजूने २५.६ सेंटिमीटरच भरते आणि रस्त्याखाली तिची बटणे झाकलीच जातात. सुताराकडून आणलेल्या सनमायकाच्या तुकड्यावर मांडवीपासून निघणारे चार सरळ रस्ते काळ्या पॉलिश पेपरचे केले. जवळून पाहिल्यास त्याचे कण थेट डांबरासारखे दिसतात. पश्चिमेला लहरीपुरा, पूर्वेला पाणीगेट आणि दक्षिणेला गेंडीगेट ठोकळ्यांचे उभे राहिले. उत्तरेचा चांपानेर दरवाजा मात्र सध्या पुठ्ठ्याचाच आहे, कारण त्याचे ठोकळे मांडवीच्या मागच्या भिंतीतून काढायचे की नाहीत, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.